पहिला प्रोजेक्टर: १२ बाय १४ ची खोली आणि ३५ हजारांचं बजेट

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात मनीषनगरला फ्लॅट, १२ बाय १४ फुटांची खोली, घरात एक जुना ३२ इंची टीव्ही. रात्रीचे सिनेमे आणि आयपीएल मोठ्या पडद्यावर बघायची आहे. सगळं धरून ३५ हजार खर्च करायची तयारी आहे. ऑनलाइन ‘४के, १२,००० ल्युमेन’ असं लिहिलेला प्रोजेक्टर ९ हजारांना दिसतोय. तो घ्यावा, की थोडे पैसे वाढवून ५५ इंची टीव्हीच आणावा?

तो ९ हजारांचा घेऊ नका. टीव्हीबद्दल म्हणाल, तर दिवसा उजेडात, ट्यूबलाइट लावून, येता-जाता बघायचं असेल तर टीव्हीच घ्या. आईबाबांच्या मालिका, सकाळच्या बातम्या, साडेतीनची मॅच ही प्रोजेक्टरची कामं नाहीत. पण ती कामं तुमचा ३२ इंची टीव्ही करतोच आहे. तो विकू नका, तसाच राहू द्या. रात्रीसाठी प्रोजेक्टर घ्यायचा विचार चांगला आहे आणि ३५ हजारांत तो नीट जमतो. अट एकच: सगळे ३५ हजार प्रोजेक्टरवर घालवायचे नाहीत.

आधी त्या १२,००० ल्युमेनचं बघू (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप), कारण पहिला प्रोजेक्टर घेताना लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. या किमतीतले जवळपास सगळे प्रोजेक्टर एकाच पद्धतीचे असतात. आत एक मोठा एलईडी, त्याच्यासमोर मोबाइलच्या स्क्रीनएवढं एक एलसीडी पॅनल, आणि पुढे भिंग. १०० वॉटचा एलईडी उघडा लावला तर तो १० हजार ल्युमेनच्या आसपास उजेड देतो. खोक्यावर छापतात तो आकडा हा. पण हा उजेड पॅनलमधून जाताना पोलरायझरच्या, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या, फिल्मवर निम्म्याहून जास्त अडतो. उरलेल्यातला सुमारे दोन तृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमध्ये जातो. मग आरसा आणि भिंगातलं नुकसान वेगळं. भिंतीवर पोहोचतो तो मूळच्या पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १० हजारांचे राहिले ३०० ते ५००. भिंतीवर पोहोचणाऱ्या या उजेडाचा आकडा ‘अँसी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ म्हणून देतात. तुलना फक्त याच आकड्याची करायची. नुसतं ‘ल्युमेन’ लिहिलंय आणि अँसीचा उल्लेखच नाही, असा माल बघूच नका.

‘अँसी’ लिहिलं म्हणजे तेवढं मिळेलच, असंही नाही. पडताळायचा सोपा मार्ग म्हणजे यंत्र किती वॉट घेतं ते बघणं. अशा एकाच एलसीडी पॅनलच्या प्रोजेक्टरमध्ये दर वॉटमागे ३ ते ५ अँसी ल्युमेन हा ढोबळ हिशोब धरा. अ‍ॅडॉप्टर ६० वॉटचा आणि दावा ७०० अँसीचा असेल, तर तो खोटा आहे. ४०० अँसी हवे असतील तर यंत्र निदान १०० वॉट घेणारं हवं. वॉटचा आकडा माहितीच्या पानावर नसेल तर अ‍ॅडॉप्टरच्या लेबलवर व्होल्ट आणि अँपिअर असतात, त्यांचा गुणाकार करा.

मग तुम्हाला नक्की किती ल्युमेन लागतात? हे पडद्याच्या आकारावर ठरतं. थिएटरमधल्या डिजिटल प्रोजेक्शनमध्ये पांढऱ्या रंगाची तेजस्विता ४८ कँडेला प्रति चौरस मीटर धरलेली असते. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर ती मिळवायला पडद्यावर सुमारे १५० लक्स उजेड पडावा लागतो. ल्युमेन भागिले पडद्याचं क्षेत्रफळ, म्हणजे लक्स. ८० इंची पडदा १.७६ चौरस मीटरचा, त्याला २६५ ल्युमेन पुरतात. ९० इंचीला ३३५, १०० इंचीला ४१५ आणि १२० इंचीला जवळपास ६०० लागतात. ८० वरून १२० वर गेलात की लागणारा उजेड दुपटीहून जास्त होतो. म्हणून ‘२०० इंचांपर्यंत चित्र’ या जाहिरातीला अर्थ नाही. चित्र पडेल, पण फिकं आणि राखट.

आता हेच लक्स खोलीच्या उजेडाशी ताडून बघा. घरातली ट्यूबलाइट लावली की भिंतीवर सहज १०० लक्स पडतात. ९० इंची पडद्यावर तुमचा ३५० ल्युमेनचा प्रोजेक्टर देतो १५७. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. चित्रात जिथे काळं आहे, तिथे तो फक्त उजेड अडवतो आणि प्रोजेक्टर बंद असताना भिंत जेवढी काळी दिसते तेवढंच ते काळं दिसतं. म्हणजे ट्यूब चालू असताना तुमचा ‘काळा’ १०० लक्सचा आणि ‘पांढरा’ २५७ चा. फरक अडीच पटीचा. अशा चित्रात रात्रीचा प्रसंग दिसतच नाही. ट्यूब बंद करून मागच्या कोपऱ्यात एक लहान नाइट लॅम्प ठेवला आणि पडद्यावर २-३ लक्सच पडू दिले, तर तोच फरक पन्नास पटींच्या पुढे जातो. हा बदल फुकट होतो. तो प्रोजेक्टरच्या ल्युमेनमधून विकत घ्यायचा म्हटलं, तर लाखातही भागत नाही. म्हणून खर्चाची सुरुवात खिडकीपासून करा.

नागपुरात मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसातच्या मॅचला अंधार आपोआप मिळतो. अडचण होते ती रस्त्यावरच्या दिव्यांची, शेजारच्या बाल्कनीतल्या एलईडीची आणि रविवारी दुपारी सिनेमा बघावासा वाटला तर उन्हाची. तयार ब्लॅकआउट पडदे मिळतात, पण गांधीबागेच्या कापडबाजारातून ब्लॅकआउट कापड मीटरवर घेऊन शिवून घेतलं तर स्वस्त पडतं आणि माप हवं तसं घेता येतं. कापड दोन्ही हातांत ताणून मोबाइलच्या टॉर्चवर धरा. टॉर्चचा ठिपका पलीकडे दिसला तर ते ब्लॅकआउट नव्हे. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना ६ इंच रुंद हवा आणि दांडी चौकटीच्या वर ६ इंच, कारण उजेड कापडातून कमी आणि कडांनी जास्त येतो. आपल्याकडे आणखी एक भानगड असते. उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसतो आणि मार्च ते जून ती खिडकी बंदच होत नाही. अशा वेळी कूलरच्या चारही बाजूंच्या फटी काळ्या फोम शीटने बुजवा, आणि ज्या भिंतीत कूलर आहे त्याच भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा ठेवायचा नाही. कूलरच्या समोरच्या भिंतीवरही नाही, कारण त्याचा सगळा उजेड थेट तिथेच पडतो. बाजूची भिंत धरा.

तुमच्या खोलीसाठी मी ९० इंच सांगेन. १०० नाही. १०० हा आकडा ऐकायला छान वाटतो, पण ९० इंची चित्र ६ फूट साडेसहा इंच रुंद आणि ३ फूट ८ इंच उंच असतं. तुमच्या ३२ इंची टीव्हीच्या जवळजवळ आठपट क्षेत्रफळ. ते ९ ते ११ फुटांवरून बघितलं की नजरेला ३० ते ४० अंशांचा कोन भरतो, थिएटरमधल्या मधल्या रांगांसारखा. १४ फुटांच्या खोलीत सोफा तिथेच येतो.

आता अंतराचं गणित, ज्यात बरेच जण घेतल्यावर अडकतात. प्रत्येक प्रोजेक्टरला एक ‘थ्रो रेशो’ असतो. भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरमध्ये तो बहुतेक १.२ ते १.४ च्या दरम्यान असतो आणि खरा झूम नसतो. १.३५ धरला तर ९० इंची चित्रासाठी भिंग पडद्यापासून ८.८ फुटांवर हवं. तुमच्या मनात प्रोजेक्टर मागच्या भिंतीवर शेल्फात ठेवायचा असेल. यंत्राची लांबी सोडली तर तिथून अंतर होतं १३ फूट, आणि चित्र होतं १३२ इंच. मग रिमोटवरचं ‘झूम’ दाबून ते ९० वर आणतात. हे झूम भिंगाचं नाही. पॅनलचा मधला भाग वापरला जातो आणि कडेचा काळा केला जातो. १,९२० बाय १,०८० पिक्सेलपैकी उरतात जेमतेम १,३०० बाय ७३५, आणि उजेड उरतो निम्म्याहून कमी. फुल एचडीचे पैसे देऊन तुम्ही ७२०पी बघता, तेही फिकं. म्हणून खरेदीच्या आधी मॉडेलचा थ्रो रेशो बघा, खोलीत टेपने अंतर मोजा आणि यंत्र कुठे बसेल ते खडूने खूण करून ठेवा.

८.८ फुटांवर यंत्र ठेवायला तीन जागा असतात. छताला टांगणं दिसायला सगळ्यात नेटकं, पण १४ फुटी खोलीत पंखा असतो ७ फुटांवर, म्हणजे बरोबर प्रोजेक्टर आणि पडद्याच्या मध्ये. पाती प्रकाशाच्या वाटेत आली की चित्र लुकलुकतं आणि सिनेमा बघवत नाही. स्लॅब साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर पाती साधारण साडेआठ-नऊ फुटांवर येतात. मग भिंग ८ फुटांवर यावं म्हणून लांब दांडीचा ब्रॅकेट लागतो. ब्रॅकेट स्लॅबलाच अँकर फास्टनरने बसवा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये स्क्रू मारून टांगलेलं यंत्र कधी ना कधी खाली येतं. टांगायचं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: यंत्र उलटं लावल्यावर चित्र भिंगाच्या पातळीपासून खाली पडतं की भिंगाच्या समोर मध्यावर. काही यंत्रांत चित्राची कड भिंगाच्या पातळीत असते, काहींत चित्राचा मध्य. दुसऱ्या प्रकारचं यंत्र छताला लावलं तर ते खाली झुकवावंच लागतं, मग चित्र वरच्या-खालच्या कडेला कमी-जास्त रुंद होतं आणि कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र यंत्राकडूनच सरळ करून घ्यायची सोय) वापरावं लागतं.

कीस्टोनबद्दल स्पष्ट सांगतो. ‘ऑटो कीस्टोन’ ही सोय पाहुण्यांकडे नेलेल्या प्रोजेक्टरसाठी आहे. ती चित्र पॅनलच्या आतल्या भागात आक्रसून आयत बनवते, पिक्सेल वाया जातात आणि बारीक अक्षरं भुरकट होतात. कायम एका जागी बसणारं यंत्र पडद्याला काटकोनात ठेवा आणि कीस्टोन शून्यावर. पहिल्यांदा बसवायला अर्धा तास जास्त लागेल, पण चित्र कायमचं स्वच्छ मिळेल.

पहिल्या वर्षी छताच्या भानगडीत पडू नका, हा माझा सल्ला. सोफ्याच्या पुढे सेंटर टेबलवर किंवा एका पक्क्या स्टुलावर ठेवा. कड भिंगाच्या पातळीत असलेलं यंत्र २.५ ते ३ फूट उंचीवर ठेवलं की चित्राची खालची कड तिथेच येते आणि वरची साधारण साडेसहा फुटांवर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे साडेतीन फुटांवर असतात, ते बरोबर जुळतं. गादीवर बसून बघणार असाल तर सगळं अर्धा-पाऊण फूट खाली घ्या. लहान मुलं असतील तर भिंगात डोकावू नका हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगा. बंद न करता कोणी यंत्रासमोर वाकायचं नाही.

रिझोल्यूशनच्या बाबतीत ‘सपोर्ट’ हा शब्द दिसला की थांबा. ‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के फाइल ते यंत्र वाचतं, एवढंच. चित्र पॅनलमध्ये असतील तेवढ्याच पिक्सेलमध्ये पडतं. शब्द शोधायचा तो ‘नेटिव्ह’. तुम्हाला नेटिव्ह १,९२० बाय १,०८० हवं. नेटिव्ह १,२८० बाय ७२० चं यंत्र ९० इंचांवर १० फुटांवरून बघितलं तर सबटायटलच्या अक्षरांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. ३५ हजारांच्या एकूण बजेटमध्ये खरं ४के येत नाही आणि त्याची गरजही नाही.

नेटिव्हचा दावा घरी तपासता येतो. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, रिझोल्यूशन १,९२० बाय १,०८० आणि स्केलिंग १०० टक्के ठेवा. एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघांचं टेस्ट पॅटर्न पूर्ण स्क्रीनवर लावा आणि पडद्याजवळ जाऊन बघा. खऱ्या फुल एचडीत रेघा वेगवेगळ्या दिसतात. ७२०पी पॅनलवर सगळं करडं होतं किंवा लाटांसारखे पट्टे उमटतात. रेघा दिसत नसतील तर कीस्टोन आणि झूम शून्यावर आहेत ना, ते आधी बघून घ्या.

एका एलसीडीचे, तीन एलसीडीचे आणि डीएलपी (एलसीडीऐवजी सूक्ष्म आरशांची चिप असलेले) असे तीन प्रकार बाजारात आहेत. एप्सनचे तीन एलसीडीचे आणि बेनक्यूसारख्यांचे डीएलपी हे चित्राच्या बाबतीत वरच्या पायरीवर आहेत, पण नवीन फुल एचडी यंत्र साधारण ५० हजारांच्या पुढे जातं. तुमच्या बजेटमध्ये १८ ते २२ हजारांचं, बंद ऑप्टिकल इंजिनचं (पॅनल आणि भिंगांचा भाग धूळबंद असलेलं), नेटिव्ह १०८०पी, ४०० च्या आसपास खरे अँसी ल्युमेन देणारं एक एलसीडीचं यंत्र बसतं. ३३५ लागतात आणि मी ४०० सांगतोय, कारण एलईडीचा उजेड वापराने हळूहळू कमी होतो आणि सिनेमाचे रंग नीट दिसणारा पिक्चर मोड सगळ्यात भडक मोडपेक्षा मंद असतो.

कोचिंग क्लासमधून निघालेले ३,००० ल्युमेनचे जुने डीएलपी १०-१२ हजारांत मिळतात आणि मोह होतो. ते पांढऱ्या फळ्यावरच्या अक्षरांसाठी बनवलेले असतात. रंग पाडणाऱ्या फिरत्या रंगचक्रात पांढरा भाग जास्त, त्यामुळे पांढरं लख्ख आणि लाल-पिवळं मळकट. पॅनल बहुधा १,०२४ बाय ७६८ चं, म्हणजे सिनेमाच्या वाट्याला १,०२४ बाय ५७६ पिक्सेलच येतात. वर दिव्याचे तास संपत आलेले. चित्रात पांढरे ठिपके दिसले तर चिपवरचे सूक्ष्म आरसे अडकलेले आहेत, आणि ते ठिपके वाढतच जातात. सिनेमासाठी हा मार्ग नको.

बंद ऑप्टिकल इंजिनवर मी अडून बसतो, त्याला कारण नागपूरची धूळ आणि उष्णता. उघड्या इंजिनात पंखा बाहेरची हवा थेट पॅनलवरून नेतो. सिमेंट रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ पॅनलवर बसते आणि अंधाऱ्या प्रसंगात राखाडी, अस्पष्ट गोळे दिसायला लागतात. ते साफ करायला यंत्र उघडावं लागतं आणि वॉरंटी जाते. बंद इंजिनात आतली हवा आतच फिरते, धूळ शिरत नाही. पण मग उष्णता बाहेर काढणं कठीण जातं. एका एलसीडीच्या यंत्रात सगळ्यात आधी मरतो तो एलईडी नाही, पोलरायझर. तो प्लास्टिकची फिल्म असतो. सतत तापला की चित्राच्या मध्यभागी पिवळट, मग तपकिरी डाग पडतो आणि तो पसरत जातो. खोक्यावरचे ‘३०,००० तास’ एलईडीचे असतात, या फिल्मचे नसतात.

बहुतेक प्रोजेक्टर ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली, रात्री दहालाही खोली ३६-३७ अंशांवर असते, आणि छताजवळ आणखी जास्त. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये यंत्र टेबलवरच बरं. आधी अर्धा तास कूलर किंवा एसी चालवून खोली गार करा, मग सिनेमा लावा. हवा बाहेर पडण्याच्या बाजूला निदान एक फूट मोकळी जागा सोडा, टीव्ही युनिटच्या कप्प्यात बसवू नका, सगळ्यात भडक मोड टाळा आणि सिनेमा संपल्यावर लगेच कापडाने झाकू नका. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवायचं नाही. पाण्याचे बारीक थेंब भिंगावर येतात आणि क्षारांचे पांढरे ठिपके सोडतात, ते घासून काढताना भिंगाचा लेप जातो. कूलरच्या वाळ्याचे कण हवेच्या जाळीत अडकतात ते वेगळंच. उन्हाळ्यात ती जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडा. ब्लोअर मारायचा असेल तर आतला पंखा काडीने अडवून धरा. मोकळा सोडला तर तो मर्यादेबाहेर फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. सेटिंगमध्ये ‘हाय अल्टिट्यूड मोड’ असला तर तो बंद ठेवा. तो साधारण १,५०० मीटरच्या वरच्या ठिकाणांसाठी असतो, नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे. उगाच पंख्याचा आवाज वाढतो.

पडद्यासाठी पहिल्या वर्षी भिंत पुरते, भिंत नीट केली तर. टेक्स्चर पेंट किंवा चकाकणारा रंग चालत नाही. चकाकीमुळे मध्यभागी भिंगाचा तेजस्वी गोळा दिसतो. पुट्टीचे दोन हात, वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं, एक हात प्रायमर, आणि मग मॅट पांढऱ्या इमल्शनचे दोन हात रोलरने. ब्रशच्या रेघा प्रकाशात उठून दिसतात. ट्यूब बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, जिथे सावली पडेल तिथे उंचवटा आहे, तो पुन्हा घासा. आयताच्या चारही बाजूंना दोन इंची काळ्या मखमलीची पट्टी लावा. चित्राच्या कडांवर सांडलेला उजेड ती गिळते आणि चित्र एकदम उठून दिसतं. खर्च काहीशे रुपये, आणि फरक बघितल्यावर तुम्हीच मापात आणखी काटेकोर व्हाल. पलंगपोस लावू नका. अर्धा उजेड त्यातून पलीकडे जातो आणि कॅमेरा आडवा सरकला की सुरकुत्या लाटांसारख्या दिसतात. ओढून खाली घ्यायचा रोलर पडदा आपल्याकडे पंख्याच्या वाऱ्याने हलतो. पडदाच हवा असेल तर चौकटीवर ताणलेला, मॅट पांढरा, पाठ काळी असलेला घ्या.

आवाज. यंत्रातले स्पीकर ५ ते १० वॉटचे असतात आणि यंत्र तुमच्या पुढ्यात असल्याने संवाद पडद्याऐवजी टेबलवरून येतात. चालू कूलरच्या घरघरीत ते ऐकूही येत नाहीत. साधा दोन चॅनलचा साउंडबार पडद्याखाली ठेवा आणि तारेने जोडा: एचडीएमआय एआरसी (आवाज बाहेर पाठवणारा एचडीएमआय पोर्ट) असेल तर तो, नाहीतर ३.५ मिमीची तार. ब्लूटूथने ओठ आणि शब्द मागेपुढे होतात.

यंत्रातल्या अँड्रॉइडवर विसंबू नका. या किमतीत बऱ्याच यंत्रांना डीआरएमची (सिनेमाची कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) वरची पातळी मिळालेली नसते. अ‍ॅप उघडतं, पण चित्र एसडीच (कमी रिझोल्यूशनचं) येतं, आणि पॅनल फुल एचडीचं असून उपयोग होत नाही. मोबाइल मिरर केला तर अशा अ‍ॅपमध्ये बहुधा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. वेगळी स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावा आणि तिला तिच्याच चार्जरने वीज द्या. प्रोजेक्टरच्या यूएसबी पोर्टमधून बऱ्याचदा अर्धाच अँपिअर मिळतो आणि स्टिक मध्येच रीस्टार्ट होते. सेट-टॉप बॉक्सची केबल पडद्याच्या बाजूने आणणार असाल तर फुल एचडीला १० मीटरपर्यंतची चांगली तार चालते.

प्रोजेक्टर, साउंडबार, बॉक्स सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर घ्या आणि एचडीएमआय नेहमी वीज बंद करून जोडा. वेगवेगळ्या प्लगवरच्या उपकरणांत व्होल्टेजचा फरक असतो आणि तो जोडताना पोर्ट जाळतो. मृगाच्या आधीच्या वादळात डिशची तार काढून ठेवा, कारण विजेचा धक्का त्याच वाटेने येतो. एलईडीच्या यंत्राला यूपीएस सक्तीचा नाही. वीज अचानक गेल्यावर पंखा न फिरल्याने नुकसान होतं ते मुख्यतः दिव्याच्या प्रोजेक्टरचं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र चालवू नका.

पैशांची वाटणी साधारण अशी बसते: प्रोजेक्टर १९ ते २० हजार, साउंडबार ५, स्टिक साडेचार, खिडक्यांचं कापड आणि शिलाई ३, भिंतीचा रंग आणि मखमल दीड, तारा आणि स्पाइक गार्ड एक. जुना साउंडबार घरात असेल तर ते पैसे प्रोजेक्टरमध्ये घाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीचे भाव आणि ‘मूळ किंमत’ धरून सवलत मोजू नका. सीताबर्डीवर दुकानात बघायला गेलात तर दुकानदाराला ट्यूब बंद करायला सांगा आणि डेमो व्हिडिओऐवजी पेनड्राइव्हवर नेलेला एखादा अंधाऱ्या प्रसंगाचा सिनेमा लावा. डेमोतली फुलं आणि पोपट कुठल्याही यंत्रावर छान दिसतात. नागपुरात सर्व्हिस सेंटर आहे की यंत्र कुरिअरने बाहेरगावी पाठवावं लागतं, हे बिल करण्याआधी विचारा. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि आर-नंबर (नोंदणी क्रमांक) असलाच पाहिजे.

ऑनलाइन घेतलात तर परतीची मुदत ७ किंवा १० दिवसांची असते, तेवढ्यात सगळं तपासून व्हायला हवं. पहिल्या रात्री पूर्ण पांढरं चित्र लावा: कोपरे मध्यापेक्षा थोडे मंद असणारच, पण डाग, पिवळा पट्टा किंवा एका बाजूला गुलाबी झाक नको. मग पूर्ण काळं लावा आणि न विझणारे पिक्सेल शोधा. मग काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं: मध्याचा फोकस जुळवल्यावर चारही कोपरे वाचता आले पाहिजेत. दोन कोपरे नीट आणि दोन भुरकट असतील तर यंत्र वाकडं ठेवलंय का बघा. सरळ ठेवूनही तसंच राहिलं तर आतलं पॅनल किंवा भिंग तिरकं बसलंय, ते घरी दुरुस्त होत नाही. एक हजार-बाराशेचा लक्स मीटर मिळाला तर ९० इंची चित्राचे नऊ सारखे चौकोन करा, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजा, सरासरीतून काळ्या चित्राचं माप वजा करा आणि २.२३ ने गुणा. ४०० अँसीच्या यंत्राचं उत्तर ३५० च्या वर आलं तर ठेवा, २०० आलं तर परत करा.

शेवटची चाचणी उष्णतेची. सलग अडीच-तीन तास, एका पूर्ण सिनेमाएवढं चालवा. सुरुवातीला जुळवलेला फोकस तास-दीड तासाने थोडा सरकतो, कारण भिंगाचं प्लास्टिक गरम होतं. एकदा पुन्हा जुळवल्यावर तो टिकायला हवा. दर वीस मिनिटांनी सरकत असेल, उजेड आपोआप मंद होत असेल किंवा जळक्या प्लास्टिकचा वास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येत असेल, तर ते यंत्र नागपूरचा मे काढणार नाही. परतीची मुदत संपेपर्यंत खोका, थर्माकोल आणि भिंगावरचं झाकण जपून ठेवा आणि भिंतीला मखमल मुदत संपल्यावरच चिकटवा. बदली यंत्राचा थ्रो वेगळा निघाला तर माप बदलेल.